मूर्तीच्या वादापासून शाळेच्या दारापर्यंत



जैन म्हटला म्हणजे आपणां रत्नागिरीकरांच्या डोळ्यांपुढें पेढीवरचा व्यापारी उभा राहतो. परंतु आंबा घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडे जावें, म्हणजे मराठी बोलणारा, नांगर धरणारा जैन शेतकरी भेटतो. त्याच्या समाजांत झालेल्या एका सुधारणेची हकीकत आज सांगावयाची आहे.

जैनांतील जुने वाद मुख्यतः आचाराचे. साधूनें वस्त्र नेसावें कीं नाहीं, स्त्रीला स्त्रीदेहानें मोक्ष आहे कीं नाहीं, यांवरून दिगंबर व श्वेतांबर वेगळे झाले. पंधराव्या शतकांत गुजरातेंत लोंकाशाह यांनीं मूर्तिपूजेस शास्त्राधार नाहीं असें प्रतिपादिलें. त्या विचारांतून पुढें स्थानकवासी पंथ उदयास आला. त्यांतूनच १७६० सालीं राजस्थानांत आचार्य भिक्षूंनीं तेरापंथ स्थापिला. पूजा व साधूचा आचार शुद्ध कसा राहील, हाच या सर्वांचा प्रश्न.

दक्षिण महाराष्ट्रांत मात्र प्रश्न बदलला. १८९९ सालीं स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनें, अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या विद्वानांच्या साहाय्यानें, शिक्षणाचा कैवार घेतला. शेतकऱ्याचा मुलगा शिकावा म्हणून वसतिगृहें निघालीं. तेथें पंथाहून पुस्तकाला मान अधिक होता.

कोल्हापूरच्या अशाच जैन वसतिगृहांत कुंभोज गांवीं जन्मलेले भाऊराव पाटील राहत असत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर त्यांनीं शुद्धीचें स्नान नाकारलें, आणि त्यांना वसतिगृह सोडावें लागलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. सुधारणेनें बांधलेल्या घराचें दारही असें मध्येंच बंद होतें!

पण भाऊरावांनीं त्या दाराशीं भांडण मांडलें नाहीं. स्वतःचें दार उघडलें. १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकाच पंक्तीस जेवत आणि श्रम करून शिकत.

मुंगी पायाखालीं येऊं नये म्हणून जपणारी दया शेजारच्या माणसापाशीं येऊन कां अडावी? भाऊरावांनीं हा प्रश्न ग्रंथांत नव्हे, स्वयंपाकघरांत सोडविला. प्रश्न केवळ जैनांचा नाहीं. आपापल्या घराचा उंबरठा पाहून प्रत्येकानें त्याचें उत्तर द्यावें, एवढीच विनंती.