साडेसातशे मीटर पाणी

(आकाशवाणीवरील भाषण)



ट्रायथलॉन म्हटलं की आपल्याकडे लगेच आयर्नमॅन आठवतो आणि आयर्नमॅनच्या पाठोपाठ मिलिंद सोमण आठवतात. ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल मारायची आणि वर ४२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन धावायची. सोमणांनी २०१५ साली झुरिकमध्ये हे सगळं पुरं केलं, तेव्हा पन्नाशीला त्यांना काहीच महिने कमी होते. पंधरा तासांहून थोडा जास्त वेळ लागला. कौतुक आहेच. पण ते लहानपणापासून पोहणारे, राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेले. माझ्यासारखीला त्यांचं उदाहरण देऊन उपयोग नाही. त्यांच्यापेक्षा मला त्यांच्या आई, उषाताई, जवळच्या वाटतात. २०१६ साली मुलगा अहमदाबादहून मुंबईकडे धावत येत होता, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या बाई साडी नेसून, अनवाणी, त्याच्या बरोबरीनं वाटेवर धावल्या. त्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या फोनवर येऊन गेला असेल.

आज मी बोलणार आहे ते या खेळाच्या धाकट्या प्रकाराबद्दल. त्याला स्प्रिंट म्हणतात. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. तिन्ही एकामागून एक; मध्ये कपडे बदला, बूट घाला, पाणी प्या, घड्याळ चालूच राहतं. अबुधाबीच्या यास बेटावर, पन्नाशीच्या तोंडावर, मी ही शर्यत पुरी केली. जगातले अव्वल पुरुष हे अंतर तासाच्या आत संपवतात, अव्वल बायकाही संपवतात. मला दोन तासांना थोडा कमी वेळ लागला. त्यामुळे यात पराक्रम शोधू नका.

हा खेळ फार जुना नाही. १९७४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथं धावपटूंच्या एका क्लबानं, रोजच्या सरावात जरा बदल म्हणून, पहिली शर्यत भरवली. ऑलिम्पिकमध्ये तो २००० साली, सिडनीला आला. माझं वय त्या पहिल्या शर्यतीच्या जवळपासचंच, म्हणजे मी काही कुठल्या प्राचीन परंपरेत उशिरा शिरले नाही.

आता मुद्द्यावर येते. तिन्ही प्रकारांत सायकल आणि धावणं ही वाढवत न्यायची गोष्ट आहे. चालता येतं तिला हळूहळू पळता येतं. शाळेला सायकलवरून गेलेलीला वीस किलोमीटर अवघड नाहीत. पोहणं मात्र शिकावं लागतं. आणि आमच्या पिढीच्या बहुतेक मुलींना ते कुणी शिकवलंच नाही.

माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं, पंचगंगेच्या काठचं. मे महिना लागला की काका माझ्या भावांच्या पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचे आणि त्यांना विहिरीत ढकलून द्यायचे. आठ-दहा दिवसांत डबा सुटायचा. मग दिवसभर सूर मारणं, मुटके मारणं, डोळे लाल होईस्तोवर. आम्ही मुली काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. तुम्ही उतरू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. मुली उतरतील हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं. नदी आमच्या वाट्याला यायची ती धुण्याच्या पाट्यासकट, आणि तीही गुडघाभरच.

लग्नानंतर अबुधाबीत आले. इथली कॉर्निश, म्हणजे समुद्राकाठचा रस्ता, चांगला आठ किलोमीटरचा. त्या पाण्याकडे मी कितीतरी वर्षं बाकावर बसून बघितलं. उतरले नाही. याला भीती हे एक कारण, आणि दुसरं कारण आपण बायका मोठ्यानं बोलत नाही: कपडे. चाळिशी उलटलेल्या बाईनं पोहण्याचा पोशाख घालून चारचौघांत यायचं, हेच मनाला पटत नव्हतं.

ते सुटलं इथल्या एका तलावावरच्या बायकांच्या वर्गात. या देशात बायकांसाठी राखीव वेळा, राखीव तलाव, समुद्रकिनाऱ्यावर राखीव जागासुद्धा असतात. त्यामागची रीत वेगळी आहे, ती पटो न पटो. मला तिचा फायदा झाला हे खरं. आमच्या वर्गात एक सुदानी शिक्षिका होती, एक सीरियन डॉक्टर, दोन मल्याळी नर्सा आणि नातवंडं असलेल्या एक स्थानिक आजी. अर्ध्याजणी डोक्यापासून पावलापर्यंत झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून यायच्या. मीही पूर्ण बाह्यांचा घेतला. कुणी बघितलं नाही, कुणी विचारलं नाही. शिकवणारी फिलिपिनो पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. तिनं पहिला आठवडा हात मारायला लावलेच नाहीत. काठ धरून तोंड पाण्यात घालायचं आणि श्वास सोडायचा, एवढंच. मोठ्या वयात शिकणाऱ्यांची गडबड इथंच होते. आपण पाण्यात श्वास कोंडून धरतो. डोकं वर काढलं की आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, एवढ्याला वेळच पुरत नाही आणि दम लागतो. पाण्याखाली सोडून वर नुसता घ्यायला शिकलं की निम्मं काम झालं. त्यानंतर पाठीवर तरंगणं. हात मारणं सगळ्यात शेवटी.

समुद्रानं तर मला मदतच केली. या आखातातलं पाणी नेहमीच्या समुद्रापेक्षा खारट. महासागरात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, इथं चाळीस आणि त्याहूनही जास्त. पाऊस नाही, मोठ्या नद्या थोड्या, आणि ऊन पाण्याची वाफ करत राहतं. खारट पाण्यात अंग जास्त तरंगतं. विहिरीच्या गोड्या पाण्यात शिकलेला माझा भाऊ इथं आला तेव्हा चकितच झाला. फोनवर मात्र तो आधी म्हणाला होता, "आक्का, हे काय नवीन काढलंस या वयात?"

सायकल आणि धावण्याचं म्हणाल तर या देशात त्याला काही कमी नाही. अबुधाबीत हुदैरियात बेटावर सायकलीचे रस्ते आहेत. शहराबाहेर अल वथबाला वाळवंटातून जाणारा ट्रॅक आहे, तिथं शेजारी उंटांच्या शर्यतींचं मैदान. पहाटे उंटांचे तांडे सरावाला निघालेले दिसतात. दुबईकरांना अल कुद्राचा ट्रॅक आहे. आणि यास बेटावर फॉर्म्युला वनची मोटारशर्यत जिथं होते तो ट्रॅक ठरावीक संध्याकाळी चालणाऱ्यांना, धावणाऱ्यांना, सायकलवाल्यांना मोफत खुला असतो. त्यातली वेळ बायकांसाठी वेगळीही ठेवतात. हॉटेलच्या इमारतीच्या पोटाखालून जाणारा तो गुळगुळीत रस्ता, वर दिवे लखलखलेले, आणि त्यावर माझी सेकंडहँड सायकल. २०२१ साली जागतिक सायकल महासंघानं अबुधाबीला बाइक सिटीचा मान दिला, आशियातला तो पहिला. उगीच दिला नाही.

उन्हाळा मात्र उन्हाळाच. जुलैत पहाटे पाचला तीस अंशांच्या वर पारा आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. त्या वेळी रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं असतात: आमच्यासारखी हौशी, आणि बांधकामावर निघालेल्या मजुरांच्या बसगाड्या. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला इथं बंदी आहे, म्हणून त्यांचा दिवस आणखीच लवकर सुरू होतो. आम्ही घाम गाळायला पैसे मोजतो आणि ते गाळून कमावतात. हे मनात आलं की आपल्या मेहनतीविषयी फार बोलायचं धैर्य होत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण चाळिशी-पन्नाशीची माणसं उत्साहाच्या भरात ती टाळतात. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन शर्यतींचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अचानक मृत्यू, हृदय बंद पडणं आणि अपघात मिळून १३५ घटना सापडल्या. त्यांतल्या ९० पोहताना घडल्या. बळी पडलेल्यांत पुरुष बहुसंख्य, आणि सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस. प्रमाण म्हणाल तर लाखात दोनपेक्षा कमी, म्हणजे घाबरून घरी बसण्याइतकं नाही. पण शवविच्छेदन झालेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या हृदयात आधीपासूनच दोष होता, जो त्यांना ठाऊक नव्हता. तेव्हा नवे बूट घेण्याआधी डॉक्टरांकडे जा, छाती तपासून घ्या. माझ्या नवऱ्यानं हीच एक अट घातली होती, आणि ती योग्य होती.

माझी शर्यत फेब्रुवारीतली. पाणी गार. २२ अंशांच्या खाली पाणी असेल तर आमच्यासारख्या हौशी स्पर्धकांना या अंतरासाठी रबरी सूट घालायची मुभा असते. तो सूट मानेपासून घोट्यापर्यंत झाकतो, म्हणजे ज्या कपड्यांची मी एवढी वर्षं धास्ती घेतली ते कपडे स्पर्धेत कुणाच्याच अंगावर नव्हते! पाठीची चेन लावायला अनोळखी बायका एकमेकींच्या मागं उभ्या राहिल्या. तेवढ्यात ओळखी झाल्या.

पाण्यात पहिले शंभर मीटर वाईट गेले. तलावात तळाशी काळी रेघ असते. समुद्रात खाली फक्त हिरवट अंधार. चार-सहा हात मारले की मान वर काढून तरंगता फुगा कुठं आहे ते बघावं लागतं, नाहीतर माणूस तिरका भरकटतो. छाती आवळली. मी पाठीवर वळले, आकाश बघितलं, मग जवळच्या कयाकला, म्हणजे छोट्या होडीला, हात लावून थांबले. इथं एक नियम सांगते, फार कमी जणांना तो माहीत असतो: ट्रायथलॉनमध्ये कुठल्याही पद्धतीनं पोहलं तरी चालतं, आणि कयाक किंवा फुगा धरून विसावा घेतला तरी बाद करत नाहीत, फक्त त्याच्या आधारानं पुढं सरकायचं नाही. हा नियम मला आधी कळला असता तर मी दोन वर्षं अगोदर नाव घातलं असतं. कयाकवरच्या मुलानं घाई केली नाही. मी निघाले आणि उरलेलं अंतर माझ्या संथ गतीनं कापलं.

पुढचं थोडक्यात सांगते. सायकलीला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा, यावर पंच फार कडक असतात आणि असावेतच. सायकल मजेत झाली. लहान लहान पोरी शूंकन पुढं जात होत्या, त्यांना जाऊ दिलं. सायकलवरून उतरून धावायला लागलं की पहिली दहा मिनिटं पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे वाटतात. सरावात आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच थोडं पळून घेतलं, तर त्याचं भय जातं. रस्त्याकडेला उभी माणसं ओळख ना पाळख, "यल्ला, यल्ला" म्हणून ओरडत होती. अरबीतलं हे "चल, चल" मराठी बाईलाही बरोबर लागू पडतं.

याच यास बेटावर २०२२ च्या नोव्हेंबरात ट्रायथलॉनच्या जागतिक मालिकेची अंतिम फेरी झाली होती. बर्म्युडाच्या फ्लोरा डफीनं पस्तिसाव्या वर्षी तिथं आपलं चौथं जगज्जेतेपद मिळवलं. बर्म्युडा म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढ्या वस्तीचा ब्रिटिश प्रदेश. त्याला ऑलिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदकही तिनंच आणून दिलं. मला मात्र जास्त आठवतात त्या अमेरिकेतल्या सिस्टर मॅडोना बुडर. या जोगिणीनं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धावायला सुरुवात केली, पन्नाशीनंतर पहिली ट्रायथलॉन केली आणि २०१२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, कॅनडात आयर्नमॅन पुरी केली. मला तितकं करायचं नाही. स्प्रिंट पुरे. हल्ली प्रत्येकजण विचारतो, आता पुढं ऑलिम्पिक अंतर का? हाफ आयर्नमॅन का? का बरं? रोज नदीवर जाणाऱ्या बाईला कुणी विचारतं का, की आता समुद्रावर कधी? पुढच्या वर्षी हीच शर्यत पुन्हा करायचा माझा विचार आहे.

सुट्टीत कोल्हापूरला आले की मैत्रिणी म्हणतात, तुमच्याकडे सोयी आहेत, आमच्याकडे कुठं? सायकलीचे ट्रॅक आपल्याकडे नाहीत, खरं आहे. पण पोहण्याचे तलाव आहेत. नगरपालिकांचे आहेत, शाळा-कॉलेजांचे आहेत, क्लबांचे आहेत. अडचण वेळेची आहे. अनेक ठिकाणी महिलांची बॅच भर दुपारी किंवा सकाळच्या स्वयंपाकाच्या ऐन घाईत ठेवतात. मग बायका येत नाहीत, आणि बायका येत नाहीत म्हणून बॅच बंद होते. शिकवायला बाई असेलच असंही नाही.

म्हणून श्रोत्यांना, विशेषतः मैत्रिणींना, एवढीच विनंती आहे. तुमच्या गावच्या तलावावर जाऊन महिलांची बॅच किती वाजता असते ते विचारा. अडनिडी असेल तर सकाळी सहाची किंवा संध्याकाळी सातची मागा, आणि शिकवायला बाई मागा. एकटी जाऊ नका. दहा-पंधराजणींच्या सह्यांचा अर्ज घेऊन जा. आणि घरात सात-आठ वर्षांची मुलगी असेल, तर तिचं नाव या उन्हाळ्यातच घाला.