जीर्ण आणि सुस्थितीत
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



 शाळामास्तराला बोलण्याचे निमंत्रण देणे धाडसाचेच असते. म्हणून चिटणीसांनी आधीच वीस मिनिटांची ताकीद देऊन ठेवली आहे. तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे की, वाचनालयाची कपाटे भरून गेल्यामुळे जुनी पुस्तके कमी करण्यासाठी न्यासाने तिघांची एक समिती नेमली. त्या तिघांत आम्ही होतो. दोन रविवार बसून आम्ही यादी तयार केली. रकाने दोनच होते, 'जीर्ण' आणि 'सुस्थितीत'. जीर्ण ती काढावयाची, सुस्थितीतली ठेवावयाची. काम झपाट्याने उरकले, चहा झाला, आम्ही सही केली. ती सही आज आम्ही आपल्यापुढे परत मागणार आहोत. का, एवढेच सांगावयाचे आहे.

सही केल्यावर काढलेल्या पुस्तकांचे गठ्ठे बांधू लागलो. पहिल्याच गठ्ठ्यात 'श्यामची आई' निघाले. मुखपृष्ठ नव्हते, कोणा माउलीने पाठ पांढऱ्या दोऱ्याने टाचली होती. त्याखाली सार्थ ज्ञानेश्वरी, बाराव्या अध्यायाच्या कडांवर हळदीची बोटे उमटलेली. त्याच्याखाली मोटार वाइंडिंगचे एक मार्गदर्शक. त्याची दोनच पाने तेलाच्या अंगठ्यांनी काळी पडलेली, बाकीची स्वच्छ. आणि 'सुस्थितीत' म्हणून ठेवलेल्या पुस्तकांत एक जाडजूड ग्रंथ असा होता की, त्याची पाने अजून कापलेलीसुद्धा नव्हती! म्हणजे जे वाचले गेले ते आम्ही हाकलले, आणि ज्याला कोणी हात लावला नाही त्याला मानाने कपाटात बसविले. तिघेही पदवीधर होतो, हे येथे नमूद करणे भाग आहे.

पुस्तकाची किंमत वाचक करतो, हे खरे. परंतु सगळ्या पुस्तकांची एकाच मापाने करीत नाही. धर्माच्या पुस्तकाकडून त्याला एक हवे असते, धंद्याच्या पुस्तकाकडून दुसरे, आणि मूल तर तिसरेच काही शोधीत असते.

धंद्याचे आणि शास्त्राचे पुस्तक आधी घ्या. त्याची कसोटी कठोर. सांगितले तसे केले आणि मोटार फिरली, तर पुस्तक खरे. तेथे लेखकाचे नाव, प्रस्तावना, बांधणी काही कामास येत नाही. येथे एका अक्षराची चूकही फार दूरवर जाते, आणि याचे उदाहरण आपल्या या उज्जैनचेच आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषी रेखांश उज्जैनपासून मोजीत. हे ज्ञान आठव्या शतकात बगदादला गेले आणि अरबी ग्रंथांत आपल्या नगरीचे नाव 'उझैन' असे लिहिले गेले. अरबी लिपीत 'झ' आणि 'र' यांत फरक फक्त वरच्या एका नुक्त्याचा. कोणा नकलनविसाच्या हातून तो नुक्ता सुटला आणि उझैनचे 'अरीन' झाले. पुढे हे अरीन लॅटिन पुस्तकांतून युरोपात पोहोचले आणि शतकानुशतके तिकडचे पंडित या गावाचे नाव घेत राहिले. लहानपणी घरी मौलवीसाहेब नुक्ता चुकला की कान पिळीत. तेव्हा राग येई. ही हकीकत वाचल्यापासून येत नाही.

पण म्हणून किती जणांनी पुस्तक नेले, एवढेच मोजावे काय? तसेही नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा मराठी ग्रंथ 1896 साली प्रसिद्ध झाला. दीक्षित पेशाने आमच्यासारखेच शिक्षक. तो ग्रंथ कोणी प्रवासात वाचावयास नेत नाही. आपल्या प्रतीच्या मागील चिठ्ठीवर तारखा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. परंतु याच गावी जिवाजी वेधशाळेचे अधीक्षक असलेले प्रा. रा. वि. वैद्य यांनी तो ओळीने वाचला, इंग्रजीत उतरविला, आणि भारत सरकारने त्याचा पहिला भाग 1969 साली व दुसरा 1981 साली छापला. असा एक वाचक भेटला म्हणजे पुस्तकाचे सार्थक झाले. उलट, आपल्याकडे व्हॉल्व्हच्या रेडिओ दुरुस्तीची चार पुस्तके आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या तारखांनी भरून गेल्या आहेत. त्यांनी आपले काम चोख केले. आता त्यांना निरोप द्यावयास आमची हरकत नाही. जुन्या औषधोपचारांची पुस्तके तर अवश्य काढावीत. ती सुस्थितीत असतील तर अधिकच त्वरेने, कारण कोणी ती खरी मानून चालेल.

आध्यात्मिक ग्रंथांपाशी आमची समिती सर्वांत अधिक चुकली. धर्माचे पुस्तक भेट म्हणून फार येते, वाचावयास फार थोडे. सोनेरी अक्षरे आणि चार महाराजांचे अभिप्राय पाहून आम्ही ते पुढे मांडले. पण 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा समोर कोण होते? कैदी. ज्याला संध्याकाळी पुन्हा आपल्या बराकीत जावयाचे आहे, त्याच्यापुढे पोकळ शब्द टिकत नाही. साने गुरुजींनी ती प्रवचने उतरून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहे. पुढे याच विनोबांनी कुराणातील निवडक वचनांचे 'कुराण-सार' सिद्ध केले. आमच्या घरी ही दोन्ही पुस्तके एका फळीवर असतात आणि आजवर त्यांच्यात भांडण झालेले आम्ही ऐकले नाही.

लेखकाची जात पाहून ग्रंथ तोलण्याची मराठी वाचकाची रीत नव्हती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' वारकऱ्यांनी आपला मानला तो त्यातल्या ओव्यांसाठी. मात्र श्रद्धा आहे म्हणून पाठ कसाही चालतो, असे समजू नये. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या जुळवून शुद्ध प्रत तयार केली. एवढा मोठा भक्त, पण भक्ती आणि मुद्रितशोधन यांत त्यांना विरोध दिसला नाही. आमच्या ठेवलेल्या यादीत ज्ञानेश्वरीची एक चकचकीत आवृत्ती आहे, तिच्या पहिल्या तीस पानांत अकरा छापचुका आम्ही मोजल्या. हळदीच्या बोटांची जुनी प्रत तिच्याहून शुद्ध आहे.

आता बालमित्रांनो, तुमच्याविषयी. आम्ही आपला एक गुन्हा कबूल करतो. शाळेच्या बक्षिसांची पुस्तके निवडण्याचे काम बरीच वर्षे आमच्याकडे होते. आम्ही नाव पाही, बांधणी पाही, शेवटी बोध आहे ना हे पाही, आणि जाड पाहून घेई. एका रविवारी रद्दीच्या दुकानात जुनी पुस्तके चाळताना त्यांतले एक हाती आले. पहिल्या पानावर आमचेच अक्षर, 'वर्गात प्रथम आल्याबद्दल'. आतील पाने एकमेकांना चिकटलेली होती, म्हणजे ते उघडलेलेच नव्हते. दुकानदार म्हणाला, "घ्या गुरुजी, अगदी नवं आहे." आम्ही वीस रुपये देऊन ते घेतले आणि घरी सौभाग्यवतींनाही बरेच दिवस दाखविले नाही.

त्यानंतर आम्ही विचारून पाहू लागलो. 'श्यामची आई' साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. मोठी माणसे ती मुलांना रडण्यासाठी देतात, असे आमचे मत झाले आहे. आम्ही वर्गात वाचून दाखविली. आमची मुले हिंदीत शिकणारी, घरी मराठी, तीही निम्मी. पुष्कळ ठिकाणी ती चुळबुळली. पण पोहावयास भिणाऱ्या श्यामला आई फोकाने मारून विहिरीवर धाडते, ती गोष्ट आली आणि वर्ग चिडीचूप झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो क्षिप्रेच्या घाटावर पाण्याला घाबरून पायरीवरच बसतो, तास संपल्यावर आला आणि हळूच म्हणाला, "सर, हे घरी नेऊ का?" त्याने ते चार वेळा नेले. पाठ निसटली ती त्याच्याकडेच. दोऱ्याने टाचली ती त्याच्या आजीने. तीच प्रत आम्ही 'जीर्ण' म्हणून लिहिली!

तेव्हा विश्वस्त मंडळींस आमची विनंती अशी. यादी एक वर्ष थांबवावी. तिच्यात 'कोणी वाचले' असा तिसरा रकाना घालावा आणि तो ग्रंथपालांनी वाचकांस विचारून भरावा. तेलकट मार्गदर्शकाची नवी आवृत्ती घ्यावी आणि जुनी प्रत, ज्याचे अंगठे आहेत त्याला शोधून देऊन टाकावी. बालविभागाची महोत्सवी रक्कम खर्च करताना दुकानात सात-आठ मुले बरोबर न्यावीत आणि आम्हां मोठ्यांना बाहेर बाकावर बसवावे. आम्ही निमूटपणे बसू.

यादी येथे आमच्या खिशात आहे. अध्यक्षमहाराजांनी परवानगी द्यावी, म्हणजे आमच्या सहीवर आम्ही आताच काट मारतो.