महामारी, मानधन आणि मन



महामारीच्या पहिल्याच वर्षात चिंता व नैराश्य या विकारांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केले. त्यावर प्राणायाम, सकारात्मक विचार, समुपदेशन असे उपाय सुचविले गेले. ते निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु कामगाराचे मन कशाने खचते, हा प्रश्न त्यात बाजूलाच राहिला.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. १८९६ साली प्लेग आला तेव्हा गिरणी कामगार हजारोंनी गावी निघून गेले. एरवी महिन्याचा पगार अडकवून ठेवणारे मालक तेव्हा रोजच्या रोज मजुरी देऊ लागले आणि नाक्यानाक्यावर चढी बोली करू लागले. कामगार कामावर टिकतो तो कशाने, हे त्यांना त्या वेळी उमगले होते. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा मात्र फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच साथीने बळी घेतला.

सव्वाशे वर्षांनंतर कोरोना आला आणि घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याचे काम आशा भगिनींवर पडले. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने त्यांना 'स्वयंसेविका' ठरविले आहे; म्हणून वेतन नाही, मानधन आहे. अशा कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, ही शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली होती. महामारी आली तेव्हाही ती कागदावरच होती. दिवसभर संशयितांच्या दारात उभे राहायचे आणि संध्याकाळी तोच संसर्ग आपल्या लेकरांपर्यंत नेण्याच्या धास्तीने उंबरठ्यावर थबकायचे, या ओझ्याची नोंद कोणत्याच तक्त्यात नव्हती.

१५ जून २०२१ रोजी महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभराने मानधनात एक हजार रुपयांची वाढ व पाचशे रुपये कोरोना भत्ता मान्य झाला. काहींनी त्यांना कर्तव्यशून्य म्हटले. वस्तुतः पहिल्या लाटेत दारोदार फिरलेल्याच या स्त्रिया होत्या. त्यांची कामावरची निष्ठा आटली नव्हती. त्या निष्ठेचा फुकटात वापर होऊ देण्यास त्यांनी नकार दिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरवाने मान उंचावते, पण आजारपणात घर चालत नाही.

म्हणून मनःस्वास्थ्याचा प्रश्न मागणीपत्रात आला पाहिजे. आजारपणाची भरपगारी रजा, संरक्षक साधने, ठराविक तास, कामाच्या आखणीत कामगारांचा शब्द आणि कामाच्या वेळेतच समुपदेशन, या मागण्या वेतनाइतक्याच मोलाच्या आहेत. कामगार संघटनांनीही एक संकोच सोडला पाहिजे. मोडलेल्या हाताची भरपाई मागणारी संघटना खचलेल्या मनाबद्दल गप्प बसत असेल, तर त्या सभासदाने जायचे कुठे? पुढची साथ येण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर तयार हवे.