उंच डोंगरावर चालायला जाताना

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

जेवणं उरकून, ओटा पुसून आता कुठे टेकला असाल. आज मी सुट्टीबद्दल बोलणार आहे. मुलांच्या नाही, आपल्या.

आमच्या बचत गटातल्या नऊजणी गेल्या मे महिन्यात उत्तराखंडात तुंगनाथला पायी जाऊन आलो. खरं तर आदल्या वर्षीच जाणार होतो. ते का राहिलं, तिथूनच सुरुवात करते.

तेव्हा आम्हाला वाटलं, आपण शेतात राबणाऱ्या बाया. आळंदी ते पंढरपूर वारी चाललेल्या चौघी आमच्यात आहेत. डोंगर तो काय! उपकेंद्रातल्या नर्सताई म्हणाल्या, "आधी रक्त तपासा." तपासलं. बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या वर हवं. आमच्या नऊजणींत सहाजणी खाली निघाल्या. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं तर साडेआठ! वर्षभर त्या म्हणायच्या, "दम लागतो गं जरा," आणि पुन्हा कामाला लागायच्या. आम्हीही कधी विचारलं नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, मग आमचा गट वेगळा कसा असेल?

उंचावर हे का महत्त्वाचं? आपलं कळसूबाई शिखर महाराष्ट्रात सगळ्यांत उंच, १,६४६ मीटर. तुंगनाथचं देऊळ साधारण ३,६८० मीटरवर, म्हणजे दुपटीहून उंच. तिथे हवा विरळ. समुद्राकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन-तृतीयांशच तिथे मिळतो. हा प्राणवायू अंगभर पोचवतं ते रक्त. तेच कमी असेल तर वारी चाललेले पायही तिथे थकतात.

म्हणून एक वर्ष थांबलो. नर्सताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या. जेवणासोबतचा चहा बंद केला, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. भाजीवर लिंबू पिळायला लागलो. जाऊबाई पुढच्या वर्षी बाराच्या वर गेल्या. ज्यांना रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. गरोदर बाईनेही.

दुसरी गोष्ट पैशाची. सहलीसाठी गटातून कर्ज काढायचं नाही, असं आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं. दर आठवड्याला २०० रुपये वेगळे टाकले. वर्षाचे १०,४०० झाले. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मे महिन्यात चारधामची गर्दी असते, त्यामुळे आरक्षण उघडल्या दिवशीच तिकिटं काढा. गाडी आणि राहायच्या खोल्याही तेव्हाच ठरवा.

तिसरी गोष्ट वेळेची. आपल्याला मृग लागायच्या आत घरी यायला हवं, पेरणी कुणासाठी थांबत नाही. तिकडेही जूनच्या अखेरीस पाऊस लागतो आणि दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. म्हणून मेचा दुसरा पंधरवडा दोन्हीकडून सोयीचा.

आता वाट सांगते. हरिद्वारपर्यंत रेल्वे. पुढे ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयागवरून उखीमठ. हा सबंध दिवसाचा घाटरस्ता आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. लगेच उंच चढू नका. आम्ही आधी सारी गावात राहिलो आणि दुसऱ्या दिवशी देवरियाताल नावाच्या तळ्यापर्यंत चाललो. तीनेक किलोमीटरचा चढ, उंची साधारण २,४०० मीटर. सकाळी तळ्यात चौखंबा शिखराचं प्रतिबिंब पडतं. ते बघताना आमच्यातली एक बडबडी बाईसुद्धा गप्प झाली होती. त्यानंतर चोपत्याला मुक्काम. चोपता ते तुंगनाथ फरसबंद वाट आहे, चार किलोमीटरच्या आतबाहेर. खाली बुरांशची झाडं. वर गेल्यावर झाडं संपतात आणि नुसतं हिरवं कुरण लागतं, त्याला तिथे बुग्याल म्हणतात. पहाटे निघायचं आणि दुपारपर्यंत खाली यायचं, कारण दुपारनंतर ढग येतात, गारा पडतात, विजा कडाडतात.

घरी तीन महिने सराव केला. आठवड्यातून तीनदा, पाठीवर चार किलो ओझं घेऊन गावामागची टेकडी. चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग. बूट महिनाभर आधी घेऊन वापरा, अर्धा नंबर मोठे घ्या. नखं कापा, नाहीतर उतरताना काळीनिळी होतात. साडीपेक्षा सलवार बरी. अंगात एकावर एक पातळ कपडे, वर लोकरी आणि पावसाचा कोट. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि थंडी भरते. पाळीचे पॅड बरोबर ठेवा आणि वापरलेले पिशवीत बांधून खाली आणा.

सगळ्यांत महत्त्वाचे तीन नियम आम्ही घरीच वहीत लिहून सह्या केल्या. सगळ्यांत हळू चालणारी पुढे. कुणीही एकटी मागे राहायची नाही, एकटी परतायची नाही. आणि डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली, तर लगेच सांगायचं, लपवायचं नाही. अशा वेळी वर चढायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, झोकांड्या जाणं ही धोक्याची लक्षणं. मग रात्र असली तरी खाली न्यायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता खरं सांगते. तुंगनाथच्या वाटेवर अर्ध्यात माझंच डोकं ठणकायला लागलं, पोटात ढवळायला लागलं. वर्षभर सगळी आखणी मी केलेली. वाटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे, गप्प बसावं. बाळंतपणापासून तापापर्यंत आपण सगळं गप्पच सोसलंय ना? पण वहीवर माझीही सही होती. मी सांगितलं. एकजण माझ्याबरोबर खाली आली. चोपत्याला येईपर्यंत मी रडत होते, तिथे चहा प्यायल्यावर डोकं हलकं झालं. जाऊबाई मात्र तुंगनाथचं दर्शन घेऊन त्याच्याही वर चंद्रशिलेपर्यंत जाऊन आल्या. खाली आल्यावर त्यांनी आधी माझं कपाळ चेपलं, मग वरचं सगळं सांगितलं.

परतताना आम्ही मंडल गावावरून गोपेश्वरला उतरलो. १९७३ मध्ये याच मंडलला लोकांनी खेळाच्या सामानासाठी झाडं तोडू दिली नाहीत. पुढच्या वर्षी रेणी गावात महिला मंगल दलाच्या गौरादेवी आणि इतर बायका झाडांपुढे उभ्या राहिल्या. पाठीवर गवताचे भारे घेतलेल्या बायका आजही त्या रस्त्यांवर दिसतात. आमच्या गाडीकडे बघून त्या हसल्या, आम्हीही हसलो.

तुमच्या गटात सहलीचा विषय निघाला तर पहिल्या बैठकीत नकाशा काढू नका. आधी सगळ्याजणी उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. सहल ठरो न ठरो, तेवढं मात्र याच आठवड्यात करा. आणि कुणी म्हणाली, "दम लागतो गं जरा," तर हातातलं काम ठेवून तिला विचारा, कधीपासून?

येते मी. नमस्कार.