गर्दी दिसली म्हणून पैसे लावू नका

विरार लोकलच्या बायकांच्या डब्यातही हल्ली शेअरच्या गप्पा ऐकू येतात. शेअर ठेवायची डीमॅट खाती देशात मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती १० कोटींवर गेली. लहान गुंतवणूकदारांची अशी गर्दी झाली, की बाजारात उत्साह आहे एवढंच कळतं. नफा होईल की नाही, ते कळत नाही. दसऱ्याला गिऱ्हाईक वाढलं की झेंडू महागतो. दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारत नाही.

बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांची पाहणी केली. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर, पैसे लावणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला होता.

गटाचं कर्ज त्यात घाल, असं कोणी म्हटलं तर विचारा: भाव पडला तर हप्ता कोण भरणार?