बालकांचा कर्करोग : उपचार, आधार आणि समाजाचे कर्तव्य



कर्करोग हा शब्द ऐकताच मोठ्यांचाही धीर सुटतो. तो चार वर्षांच्या लेकराला झाला असे कळल्यावर त्या घराची काय अवस्था होत असेल, हे शब्दांत सांगणे कठीण. म्हणूनच सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे : वेळेवर निदान आणि पूर्ण उपचार झाल्यास बालकांचे बहुतेक कर्करोग बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख बालके व किशोरवयीन मुले या रोगाला सामोरी जातात. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. रोग तेच, औषधेही बहुतांशी तीच. मग हे अंतर का? उशिरा झालेले निदान आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार ही त्याची मोठी कारणे होत.

या उपचारांच्या इतिहासात भारताचे स्थान मानाचे आहे. १९४८ साली अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त १६ बालकांना औषध दिले आणि त्यांपैकी १० बालकांत तात्पुरता का होईना, उतार दिसला. ते औषध आंध्रचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या नेतृत्वाखालील प्रयोगशाळेत तयार झाले होते. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, आणि पुढे टाटा विश्वस्त निधीतून १९४१ साली मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. एका घराच्या दुःखातून लाखो घरांचा आधार निर्माण झाला.

परंतु रुग्णालय असणे आणि तेथे पोहोचणे यांत फार अंतर आहे. भोर तालुक्यातील हिर्डोशी खोरे किंवा वेल्ह्यातील केळदसारखे घाटमाथ्यावरील गाव डोळ्यांसमोर आणावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयांत औषधोपचाराचा मोठा भार हलका होतो. तथापि बुडालेली मजुरी, पुण्या-मुंबईतील मुक्काम, घरी राहिलेल्या भावंडांचा सांभाळ हा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो. भाताची लावणी आणि सलाईनची तारीख एकाच आठवड्यात आली, तर बापाने काय करावे?

बालकांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिल्या काही महिन्यांत मूल खेळू लागते, केस पुन्हा येतात आणि घरच्यांना वाटते, पोर बरे झाले. खरा धोका येथेच असतो. पुढील दीर्घकाळ घ्यावयाच्या गोळ्या बंद केल्यास रोग उलटतो, आणि उलटलेला रोग बरा करणे फार अवघड असते. ही गरज ओळखून २००६ पासून सेंट ज्यूड्स ही संस्था उपचारासाठी आलेल्या मुलांना पालकांसह विनामूल्य निवास देत आहे. छप्पर मिळाले की उपचार टिकतो.

केवळ जीव वाचविणे एवढेच उद्दिष्ट पुरेसे नाही. ते जीवन सुसह्यही असावे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे परिहार सेवा केंद्र विनामूल्य कार्यरत आहे. अशी सेवा केवळ अखेरच्या दिवसांसाठी असते, हा गैरसमज होय. वेदना, उलट्या आणि भीती यांवरील उपाय निदानाच्या पहिल्या दिवसापासून सुरू व्हावेत. उपचार संपल्यावरही हृदय, वाढ व शिक्षण यांकडे लक्ष द्यावे लागते. त्यासाठी टाटा रुग्णालयात १९९१ पासून स्वतंत्र विभाग चालतो. हा रोग संसर्गजन्य नाही. शाळेत परतलेल्या मुलाला वेगळ्या बाकावर बसविणे हा अज्ञानाचा अपराध आहे.

समाजाने काय करावे? पहिले कार्य ज्ञानाचे. दीर्घकाळ न उतरणारा ताप, फिकटपणा, कारणाविना उठणारे काळे-निळे डाग, मानेतील किंवा पोटातील गाठ, हाडांचे दुखणे, सकाळची डोकेदुखी व उलटी, डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक : ही लक्षणे प्रत्येक शिक्षक व अंगणवाडी सेविकेस ठाऊक असावीत. दुसरे कार्य रक्ताचे. महावीर जन्मकल्याणकाचे रक्तदान शिबिर स्तुत्यच. परंतु या मुलांना वारंवार लागणाऱ्या प्लेटलेट्स केवळ पाच दिवस टिकतात. वर्षातून एकदा भरणाऱ्या शिबिराने ती गरज भागत नाही. बोलावणे येताच पुण्याला जातील अशा तरुणांची यादी हवी. तिसरे कार्य सातत्याचे. एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा एका मुलाचे प्रवासभाडे अडीच वर्षे न चुकता देणे अधिक मोलाचे ठरते. व्यापारी समाजाला नियमित हप्त्याचे महत्त्व सांगावयास नको.

औषधदान आणि अभयदान यांची थोरवी या समाजाला नवी नाही. भयग्रस्त मातेला ‘उपचार अर्ध्यावर राहणार नाही’ हा विश्वास देणे, यात ही दोन्ही दाने एकवटतात. सुवर्णमहोत्सवी वर्षात भोर-वेल्ह्यातील एकाही बालकाचा उपचार पैशांअभावी थांबू नये, असा संकल्प या वास्तूत व्हावा, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.