नमाजइतकेच फर्ज



धार्मिक माणूस समाजाच्या प्रश्नांपासून दूर राहतो, असा एक समज सुशिक्षितांत आहे. नमाज-रोजा सांभाळला की आपली जबाबदारी संपली, असा दुसरा समज आपल्या मोहल्ल्यांत आहे. खान अब्दुल गफ्फार खान यांच्या आयुष्यापुढे हे दोन्ही समज टिकत नाहीत. त्यांच्याविषयी मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

‘सरहद्द गांधी’ हे त्यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचले आहे. मला ते फारसे रुचत नाही. त्यामुळे अहिंसा त्यांना बाहेरून मिळाली असे वाटते. ते स्वतः मात्र सांगत की, सब्र हे पैगंबरसाहेबांचे शस्त्र आहे; मक्केत छळ सोसताना त्यांनी तेच वापरले, आपण मुसलमान ते विसरलो.

पेशावरजवळच्या उत्मानझई गावी १८९० साली एका जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. इंग्रजी फौजेत अधिकारी होण्याची संधी त्यांनी नाकारली आणि १९१० साली, विशीत असताना, गावात शाळा काढली. मी शिक्षक असल्यामुळे ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चळवळ, तुरुंग, काँग्रेस हे सारे नंतरचे, आधी शाळा! वैराचा बदला पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्या पठाणांना अज्ञानातून बाहेर काढल्याशिवाय न्यायाची भाषा समजणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. इंग्रज सरकारला या शाळा नको होत्या, आणि दुर्दैवाने आपल्याच काही मुल्ला-मौलवींनाही नको होत्या.

१९२१ साली त्यांनी उत्मानझईत आझाद शाळा सुरू केली. तेव्हा सरकारच्या मुख्य अधिकाऱ्याने त्यांच्या वडिलांना बोलावून मुलाला आवरा असे सुनावले. वडील बेहराम खान सरळ मनाचे. घरी येऊन त्यांनी मुलाला समजावले की, दुसरे कोणी हे करीत नाही, मग तूच का? मुलाने उलट विचारले, बाकी सगळ्यांनी नमाज सोडली तर मीही सोडावी असे आपण सांगाल का? वडील म्हणाले, छे! नमाज तर फर्ज आहे. मग लोकांना शिकविणे हेही माझ्या दृष्टीने तसेच फर्ज आहे, असे मुलाने सांगितले. वडिलांना ते पटले. लवकरच मुलाला अटक झाली आणि तीन वर्षांची सक्तमजुरी भोगावी लागली. पायांत बेड्या आणि हातांत जात्याचा खुंटा!

१९२९ साली त्यांनी ‘खुदाई खिदमतगार’ संघटना उभारली. खुदाला खिदमतीची गरज नाही, म्हणून त्याच्या बंद्यांची खिदमत हीच त्याची खिदमत, असा त्या नावाचा अर्थ. सूड न घेण्याची शपथ तर होतीच, शिवाय रोज दोन तास समाजकार्याला देण्याचीही होती. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला, तेव्हा त्या पठाणांनी हात उगारला नाही. गोळ्या झाडण्यास नकार देणारे गढवाली सैनिक हिंदू होते, हेही विसरता कामा नये.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आहे. १९३४ साली तुरुंगातून सुटल्यावर सरहद्द प्रांतात जाण्यास बंदी असल्याने ते वर्ध्याला जमनालाल बजाजांकडे राहिले. मुंबईतील एका भाषणाबद्दल त्याच वर्षीच्या डिसेंबरात वर्ध्यातच त्यांना पकडण्यात आले व दोन वर्षांची शिक्षा झाली.

१९४७ नंतर राज्य बदलले, तुरुंग मात्र तेच राहिले. पाकिस्तानच्या सरकारनेही त्यांना अनेक वर्षे कोंडले. राज्यकर्ते मुसलमान आहेत म्हणून अन्यायाला न्याय म्हणणे त्यांना जमले नाही. १९६९ साली ते भारतात आले, तेव्हा गुजरातमधील दंगलींनी व्यथित होऊन त्यांनी तीन दिवस उपवास केला. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे वळतो, आणि थोडे कडू बोलतो. सूरह निसामध्ये न्यायावर ठाम उभे राहण्याचा आदेश आहे, मग तो न्याय स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध वा नात्यागोत्याविरुद्ध का जाईना. त्याच सूरेत मुलींचा वारसाहक्क आहे. सरकारकडे आपण आपले हक्क मागतो, ते मागितलेच पाहिजेत. पण घरातल्या मुलीचा हक्क कोणाकडे मागायचा? आमच्या शाळेतून दहावी झालेल्या किती तरी मुली पुढे घरी बसतात. कॉलेज तालुक्याला, एस.टी.ची वेळ जुळत नाही, असे पालक सांगतात. त्याच गाडीने त्यांचे भाऊ मात्र जातात.

वर्गणी देऊन आपण संस्थेचे सभासद होतो, याबद्दल आभारच आहेत. परंतु मी यंदा पैसे मागत नाही. रोज दोन तास मागण्याची माझी छाती नाही. आठवड्यातून दोन तास द्या. कोणी या मुलींच्या घरी जाऊन वडिलांशी बोलावे, कोणी बसच्या वेळेसाठी डेपोत खेपा घालाव्यात, कोणी गणित शिकवावे. नावे शाळेच्या कार्यालयात लिहून घेतली जातील. आयाबहिणींनीही आपली नावे द्यावीत.